काळ्या बांधणीचे प्रबंध

नव्या मुंबईतील जवळजवळ प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, पाठ्यपुस्तकांच्या मांडण्या ओलांडून पलीकडे गेले असता, काही कपाटे अशी आढळतात की ज्यांतील ग्रंथांना एक लेखक नसून तीन किंवा चार लेखक असतात, ज्यांची बांधणी बहुधा काळ्या रेक्झिनची व पुठ्ठ्यावरील अक्षरे सोनेरी असतात, आणि ज्यांच्या आरंभीच्या प्रमाणपत्रावर मार्गदर्शक, विभागप्रमुख, प्राचार्य व बाह्य परीक्षक यांच्या स्वाक्षऱ्या संस्थेच्या शिक्क्यासह झालेल्या असतात. विद्यार्थी या प्रबंधाला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. पदवीच्या शेवटच्या वर्षी तीन-चार जणांच्या गटाने एखादी वस्तू कल्पावी, तिचा चालता नमुना घडवावा, तो परीक्षकांपुढे चालवून दाखवावा आणि त्या साऱ्या खटाटोपाचा वृत्तांत या काळ्या बांधणीत ठेवून द्यावा, अशी ही प्रथा आहे. या शहराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी भूसंपादनाची दफ्तरे चाळली, पुलांच्या व रेल्वेच्या तारखा नोंदवल्या, बाजारपेठांच्या स्थलांतराची हकीकत सांगितली. या कपाटांकडे मात्र त्यांचे लक्ष फारसे गेले नाही. मला स्वतःला असे वाटते की येथील तरुण पिढीने वस्तू घडविण्याची विद्या कशी मिळवली, आणि त्या विद्येत कोणता भाग दीर्घकाळ उणा राहिला, हे समजून घ्यावयाचे असेल तर या प्रबंधांइतका विश्वसनीय दस्तऐवज दुसरा मिळणार नाही.

प्रथेचे मूळ शोधू लागल्यास पहिली पावले शहराच्या जन्माकडेच वळतात, कारण हे शहर मुळात कागदावर कल्पिलेले आहे. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि स्थापत्य अभियंते शिरीष पटेल या तिघांनी, मुल्कराज आनंद यांच्या संपादकत्वाखाली निघणाऱ्या ‘मार्ग’ या नियतकालिकाच्या १९६५ सालच्या अंकात, उत्तरेकडे लांबत चाललेल्या मुंबईला खाडीपलीकडे पूर्वेस विस्तारू द्यावे अशी सूचना मांडली; ती सरकारने पुढे स्वीकारली, १७ मार्च १९७० रोजी सिडको या महामंडळाची स्थापना झाली, आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा या जिल्ह्यांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी वीस लक्ष लोकवस्तीच्या नगरासाठी मुक्रर करण्यात आली. आराखडा अभ्यासाचा होता, हेतू उदात्त होता, त्यातील तीन कल्पक व्यक्तींची योग्यता निर्विवाद होती. परंतु ज्यांची भातशेती, मिठागरे आणि खाडीवरील मासेमारी या नकाशाखाली येणार होती त्या आगरी-कोळी कुटुंबांचा या कल्पनेशी संबंध आला तो ती सिद्ध झाल्यानंतर, भूसंपादनाच्या नोटिशीच्या रूपाने. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाटा परिसरात जे आंदोलन झाले त्यात पाच शेतकऱ्यांना गोळीबारात प्राण गमवावे लागले, आणि त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याच्या योजनेचा मार्ग मोकळा झाला. वापरणाऱ्याला, राहणाऱ्याला, भोगणाऱ्याला आधी विचारले नाही म्हणजे त्याची किंमत किती जबर पडते, याचा याहून विदारक दाखला या प्रदेशात दुसरा नाही.

न्यायाच्या दृष्टीने येथे आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. स्वतः कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात बेलापूर येथे जी वसाहत उभारली तीत प्रत्येक घर शेजाऱ्याच्या भिंतीपासून मुद्दाम विलग ठेवले, ते अशासाठी की राहणाऱ्याने आपल्या ऐपतीप्रमाणे व गरजेप्रमाणे ते वाढवावे. आज त्या घरांपैकी पुष्कळशी मूळ रूपात उरलेली नाहीत. लोकांनी ती वाढवली, पाडली, पुन्हा बांधली. काही रसिकांना याचे दुःख होते. मला त्यात रचनाकाराच्या कल्पनेचे साफल्य दिसते, कारण आपले काम अपुरे आहे आणि ते पुरे करणारा दुसरा कोणी आहे ही जाणीव त्या मांडणीतच पेरलेली होती.

ज्या वर्षी या वसाहतीचे काम सुरू झाले त्याच १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. तोवर मुंबई-पुणे परिसरातील तंत्रशिक्षणाची परंपरा मोजक्या संस्थांत नांदत होती : पुण्याचे १८५४ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय, माटुंग्याची १८८७ साली स्थापन झालेली तंत्रसंस्था, आणि १९५८ पासून पवईची आयआयटी. आता सिडकोच्या वसाहतींत भूखंड होते, ठाणे-बेलापूर रस्त्यावर औद्योगिक विकास महामंडळाने वसविलेले कारखाने होते, आणि मुंबईच्या चाळींतून व उपनगरांतील दोन खोल्यांतून खाडीपार आलेल्या मध्यमवर्गाला मुलांनी अभियंता व्हावे ही तळमळ होती. त्यामुळे १९८३ मध्ये स्थापन झालेली रामराव आदिक तंत्रसंस्था, १९९१ चे नेरुळचे तेरणा महाविद्यालय, १९९४ चे वाशीचे फादर अ‍ॅग्नेल संस्थेचे महाविद्यालय, २००२ ची नेरुळची साऊथ इंडियन एज्युकेशन सोसायटीची तंत्रशाळा, आणि ऐरोली, कोपरखैरणे, बेलापूर, कामोठे, पनवेल येथील इतर अनेक, अशी महाविद्यालयांची एक दाट रांगच दोन दशकांत या किनाऱ्यावर उभी राहिली. सर्वांना मुंबई विद्यापीठाची संलग्नता होती, सर्वांना एकच अभ्यासक्रम होता, आणि त्या अभ्यासक्रमाच्या अखेरीस प्रकल्प होता.

त्या प्रकल्पाचा विधी ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्यातील प्रत्येक टप्पा आजही आठवत असेल. शेवटच्या वर्षाच्या आरंभी गट जुळे. यात मैत्री जितकी पाहिली जाई तितकीच व्यवहारदृष्टीही, कारण गटात एक कोणी सर्किट जाणणारा, एक प्रोग्राम लिहिणारा, एक सुवाच्य अहवाल लिहिणारा आणि एक घरी मोकळी खोली असणारा लागे. मग ‘सिनॉप्सिस’ लिहून विभागात सादर करावयाचा, तो मंजूर झाला की मार्गदर्शक ठरावयाचा, आणि यादी घेऊन लॅमिंग्टन रोड गाठावयाचा. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव असलेला, आता डॉ. दादासाहेब भडकमकर यांच्या नावाने ओळखला जाणारा, ग्रँट रोड स्थानकाजवळचा हा रस्ता इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची पेठ म्हणून साऱ्या महाराष्ट्रात ख्यात आहे. ९ मे १९९२ रोजी मानखुर्द-वाशी लोहमार्ग सुरू होण्यापूर्वी नेरुळच्या किंवा वाशीच्या विद्यार्थ्याने बसने खाडीपूल ओलांडून मानखुर्द-चेंबूरकडे यावे, तेथून गाड्या बदलत ग्रँट रोडला उतरावे, दुकानाच्या अरुंद फळीपुढे ताटकळत उभे राहून रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी, रिले मोजून घ्यावेत, आणि घरी आल्यावर एक भाग चुकीचा आल्याचे ध्यानात येऊन पुढच्या शनिवारी पुन्हा तोच प्रवास करावा, असा क्रम होता. लोकल आल्यावर श्रम कमी झाले, फेऱ्या मात्र थांबल्या नाहीत.

सामग्री हाती आल्यावर खरी साधना सुरू होई. प्रथम ब्रेडबोर्डवर तारा खोचून जोडणी तपासायची. ती चालली तर तांब्याचा पातळ थर असलेल्या पाटीवर सर्किटाचा नकाशा इस्त्रीच्या उष्णतेने उमटवायचा, फेरिक क्लोराइडच्या द्रावणात नको असलेले तांबे विरघळवायचे, बारीक छिद्रे पाडायची आणि सोल्डरगनने एकेक पाय जोडायचा. आरंभीच्या वर्षांत ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर आणि पुढे ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर यांच्यावर हे सारे बेतलेले असे. प्रोग्राम ज्या ईप्रॉममध्ये भरावयाचा ती पुसण्यासाठी तिच्या काचेच्या खिडकीवर अतिनील प्रकाश काही मिनिटे धरावा लागे, म्हणजे प्रत्येक चुकीची शिक्षा प्रतीक्षेच्या रूपाने भोगावी लागे. त्या प्रतीक्षेने विचार करण्याची शिस्त लावली हे खरे. पण तिनेच एक भीतीही मनात रुजवली : नमुना एकदा चालू लागला की त्याला पुन्हा हात लावू नये, कारण हात लावला तर तो बंद पडेल. परीक्षेच्या आदल्या रात्री चालणारे यंत्र परीक्षकासमोर स्तब्ध राहिल्याच्या कथा प्रत्येक तुकडीत आहेत, आणि त्या सांगताना आज पन्नाशीला पोहोचलेल्या अभियंत्यांचाही आवाज बदलतो.

परीक्षेचा दिवस म्हणजे व्हायवा. दुसऱ्या महाविद्यालयातून आलेले बाह्य परीक्षक नमुन्याकडे एकदा पाहत, एखादा दिवा लागला की मान हलवीत, आणि मग बहुतेक वेळ काळ्या प्रबंधाची पाने उलटीत प्रश्न विचारीत. हा आयसी का निवडला, ब्लॉक डायग्राम समजावून सांगा, भावी विस्तार कोणता, असे ते प्रश्न असत. गुण मिळत ते या उत्तरांना आणि प्रबंधाला. याचा परिणाम असा झाला की नमुना हा प्रबंधाचा पुरावा बनला, आणि पुरावा विकत मिळत असेल तर तो घडविण्याचे श्रम कशाला, असा विचार करणाऱ्या दुर्बळ गटांसाठी तयार प्रकल्प विकणारी दुकानेही निघाली. या दुकानांवर सर्व दोष लादणे मला अन्यायाचे वाटते. ज्या पद्धतीत वस्तू कोणी वापरणारच नाही हे विद्यार्थी, शिक्षक आणि परीक्षक या तिघांनाही ठाऊक असते, त्या पद्धतीत वस्तूचे मोल घसरणे अटळ होते.

वस्तू आणि वापरणारा यांचा संबंध हाच जिथे अभ्यासाचा आरंभबिंदू मानला गेला, असा एक वेगळा प्रवाह याच काळात खाडीच्या अलीकडे, पवईला वाहत होता. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे जर्मनीतील उल्म येथील विख्यात डिझाइन विद्यालयातून आलेले सुधाकर नाडकर्णी यांनी १९६९ मध्ये आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्राची, म्हणजे आयडीसीची, उभारणी केली. उल्मच्या शिकवणीत अलंकरणाला गौण स्थान होते. वस्तू हातात कशी येते, ती काय सांगते, चुकीचा वापर झाला तर काय घडते, याचा शास्त्रीय विचार तेथे प्रधान होता. त्या बीजातून पुढे संगणक व मनुष्य यांच्यातील संवादाचा अभ्यास आयडीसीत रुजला. प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेला ‘कीलेख’ हा भारतीय लिप्यांसाठीचा कळफलक २००४ साली व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला गेला. त्यातील कळा इंग्रजी टंकयंत्राच्या क्रमाने न लावता आपल्या वर्णमालेच्या क्रमाने लावलेल्या होत्या. २०१३ मध्ये आलेल्या ‘स्वरचक्रा’त व्यंजनाला स्पर्श करताच त्याची बाराखडी भोवती चक्राकार उमटते. या दोन्ही कृतींमागील दृष्टी सारखीच आहे : शाळेत बाराखडी गिरविलेल्या माणसाला नवे काही पाठ करावयास न लावता, जे तो जाणतो त्याच्याच आधाराने यंत्र त्याच्या स्वाधीन करावे. अशी दृष्टी वापरणाऱ्याच्या शेजारी बसल्यावाचून येत नाही.

‘कीलेख’ घडत होता त्याच सुमारास उत्तर इटलीतील इव्रेया नावाच्या छोट्या उद्योगनगरीत, टंकयंत्रांसाठी जगप्रसिद्ध झालेल्या ऑलिव्हेत्ती कंपनीच्या गावी, संवादी वस्तूंचे शिक्षण देणाऱ्या एका अल्पायुषी संस्थेत, हर्नांदो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘वायरिंग’ ही रचना केली. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या कलाकाराला व रचनाकारालाही आपला नमुना स्वतः चालविता यावा हे तिचे प्रयोजन होते. आणि त्याच पायावर २००५ मध्ये तेथील शिक्षक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आर्डुइनो’ नावाची स्वस्त पाटी सिद्ध केली. विद्यार्थ्याच्या एका प्रबंधातून निघालेल्या या वस्तूने पाच-सहा वर्षांत नव्या मुंबईतील प्रकल्पाचे स्वरूप पालटून टाकले, ही घटना मला फार मोलाची वाटते. अतिनील दिव्याची प्रतीक्षा संपली, चूक दुरुस्त करणे क्षणाचे काम झाले, नमुन्याला पुन्हा हात लावण्याची भीती ओसरली. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत सेन्सर व मोटारी यांच्या जोडीने या निळ्या पाट्यांचे ढीग दिसू लागले. संगणकशास्त्राच्या शाखेतील मुलेमुलीही, ज्यांनी सोल्डरगन कधी हाती धरली नव्हती, हालणाऱ्या, बोलणाऱ्या, स्पर्शाला उत्तर देणाऱ्या वस्तू करू लागली.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर वापरणाऱ्यासाठी वस्तू घडविण्याच्या बाबतीत एक खेडे महानगराच्या पुढे होते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये, म्हणजे खाजगी महाविद्यालयांच्या त्याच वर्षी, पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला होता. तेथे शाळा सुटलेल्या ग्रामीण मुलांना गावाच्या गरजेची कामे करता करता विज्ञान शिकविले जाई. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीतील नील गर्शेनफेल्ड यांनी आपल्या विद्यापीठाबाहेरील आरंभीच्या ‘फॅब लॅब’ या वस्तुनिर्मितीच्या कार्यशाळेसाठी २००२ मध्ये याच पाबळची निवड केली, ती केवळ कुतूहलापोटी नव्हे. तेथे विद्यार्थ्याच्या नमुन्याचा परीक्षक म्हणजे शेजारचा शेतकरी होता, आणि तो ब्लॉक डायग्राम विचारीत नसे. वस्तू चालते का, किती दिवस टिकेल आणि बिघडली तर गावात दुरुस्त होईल का, एवढेच विचारीत असे.

साधने सुलभ झाल्यावर आपल्याकडे काय घडले याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अंधांची काठी. मुंबई विद्यापीठाच्या परिसरात गेली अनेक वर्षे हा प्रकल्प पुनःपुन्हा होत आला आहे : पांढऱ्या काठीला ध्वनिलहरींचा सेन्सर बसवावयाचा, समोर अडथळा आला की भोंगा वाजवावयाचा. मुलांच्या मनातील करुणा खरी असते, सर्किट बिनचूक असते, सादरीकरणाच्या वेळी डोळ्यांवर रुमाल बांधलेला गटातलाच एक मित्र काठी घेऊन प्रयोगशाळेत चार पावले चालून दाखवतो, आणि गुण उत्तम मिळतात. परंतु अंध मनुष्य रस्त्यावर कानांनी चालत असतो, सतत वाजणारा भोंगा त्याचे मुख्य इंद्रियच बधिर करतो, आणि जमिनीलगतचा अडथळा तर साधी काठीच उत्तम सांगते, हे त्या गटाला कोणी सांगितलेले नसते, कारण गटाने कोणा अंध व्यक्तीला विचारलेलेच नसते.

दिल्लीच्या आयआयटीतही अशीच काठी एका विद्यार्थि-प्रकल्पाच्या रूपाने सुरू झाली. फरक इतकाच की तो गट ‘सक्षम’ या संस्थेतील दृष्टिहीन मंडळींकडे गेला, त्यांच्या तक्रारी ऐकत राहिला, नमुन्यामागून नमुने टाकून देत राहिला. गुडघ्यावरचे अडथळे, म्हणजे झाडाची लोंबती फांदी, उभ्या ट्रकचा मागचा भाग, साध्या काठीला कळत नाहीत, हे त्यांना त्यातून उमगले. म्हणून त्यांनी नवी काठी न करता जुन्याच घडीच्या काठीवर बसणारी मूठ केली, आणि भोंग्याऐवजी तळहाताला जाणवणारे कंपन योजले. ‘स्मार्टकेन’ या नावाने ती २०१४ मध्ये बाजारात आली. कल्पना उपजल्यापासून वस्तू लोकांच्या हाती पडेपर्यंत सुमारे नऊ वर्षे लागली. आपल्या काळ्या प्रबंधांना दोन सत्रांची मुदत असते, हे मान्य. तरी त्या मुदतीत एक माणूस, ज्याच्यासाठी वस्तू करावयाची तो, एकदा तरी भेटावा, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

मुंबई विद्यापीठाने ही उणीव ओळखली, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. २०१९ च्या सुधारित अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षापासूनच छोट्या प्रकल्पांची योजना करण्यात आली, आणि गटाने आधी पाहणी करून गरज शोधावी, त्या गरजेवरून समस्या ठरवावी, अनेक उपाय मांडून त्यांतील योग्य तो निवडावा आणि मग चालता नमुना करावा, प्रत्येक आठवड्याची नोंद वहीत ठेवावी, असे मार्गदर्शन त्यात आहे. २०१७ पासून केंद्र सरकारच्या हॅकेथॉन स्पर्धेने विविध खात्यांच्या प्रत्यक्ष अडचणी विद्यार्थ्यांपुढे आणल्या. खारघरला राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत वस्तू व वापर यांचा विचार करणारे विद्यार्थी शिकतात, आणि त्यांच्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर सर्किट जाणणारे विद्यार्थी शिकतात. पवईला जे दोन विभाग एका आवारात आहेत ते येथे एका रेल्वेमार्गावर आहेत. त्यांची नियमित गाठ पडावी अशी व्यवस्था मात्र अद्याप झालेली नाही, आणि कागदावरील ‘पाहणी’ पुष्कळदा मित्रांमध्ये फिरविलेल्या प्रश्नावलीवर संपते. व्हायवाच्या खोलीत आजही तेच परीक्षक बसतात.

तेव्हा नव्या मुंबईतील प्राचार्यांना व प्रकल्प-मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. वाशीच्या बाजार समितीत पोती उचलणारे माथाडी आहेत, दिवाळे, सारसोळे व वाशीगावात खाडीच्या भरती-ओहोटीवर ज्यांचे पोट आहे असे कोळी आहेत, ठाणे-पनवेल गाडीतून रोज प्रवास करणाऱ्या दृष्टिहीन व वृद्ध व्यक्ती आहेत. येत्या वर्षी ज्या गटाचा नमुना यांच्यापैकी कोणासाठी असेल, त्या गटाच्या व्हायवाला त्यांच्यापैकी एकास सन्मानाने बोलवावे, परीक्षकांच्या शेजारी त्याची खुर्ची मांडावी, वस्तू त्याच्या हाती द्यावी, आणि पहिला प्रश्न त्याला विचारू द्यावा.